मॉड्यूल बदललं, तरी गाडी चावी ओळखेना! असं का?

यंदाच्या पावसात बाबांच्या गाडीत पाणी शिरलं आणि कीलेस एंट्री बंद पडली. फोबमधल्या साध्या चावीने दार उघडलं, पण इंजिन सुरू होईना. नाशिकच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने भंगारातल्या गाडीचं मॉड्यूल पार्ट नंबर जुळवून बसवलं. तरी गाडी ढिम्म! सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: नवीन मॉड्यूल घ्या, पेअरिंग आमच्याकडेच होईल.

नेमकं अडतं कुठे?

तुम्ही दाराच्या हँडलला हात लावला की गाडीतला अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झवर फोबला जागं करतो आणि एक आकडा पाठवतो. फोब आपल्या गुप्त कीने त्याचं उत्तर काढून रेडिओवरून परत देतो. उत्तर बरोबर आलं तरच दार उघडतं. बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिनच्या ईसीयूला 'सुरू हो' ही परवानगीसुद्धा अशाच गुप्त कीवर मिळते. म्हणजे प्लग जुळला तरी ओळख जुळत नाही. सिम दुसऱ्याचं घातल्यासारखंच हे.

मग हे कुलूप काढून टाकायचं का?

नाही. २०२३ मध्ये इयान टेबर आणि केन टिंडेल या संशोधकांनी दाखवलं, की चोर हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीच्या कॅन नेटवर्कमध्ये घुसतात आणि 'चावी बरोबर आहे' असा खोटा मेसेज सोडतात. पेअरिंग सगळ्यांना मोकळं केलं तर चोरांचं काम आणखी सोपं होईल.

माझा आक्षेप कुलपाला नाही, किल्ली एकाच्याच हातात असण्याला आहे. सुटे भाग आणि डायग्नोस्टिक टूल्स बाहेरच्या गॅरेजना मिळत नाहीत, या कारणावरून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि आपल्या मेकॅनिकच्या लॅपटॉपवर पेअरिंग होणं वेगळं.

मधला मार्ग आहे. अमेरिकेत एनएएसटीएफ ही संस्था पडताळणी करून स्वतंत्र लॉकस्मिथची नोंदणी करते. त्यांना कंपन्यांकडून की कोड आणि इमोबिलायझरची माहिती मिळते, आणि कोणी काय घेतलं याची नोंद राहते. आम्ही सॉफ्टवेअरवाले यालाच अ‍ॅक्सेस कंट्रोल आणि ऑडिट लॉग म्हणतो. आपल्याकडेही हे जमण्यासारखं आहे.

तोपर्यंत जुनं मॉड्यूल घेण्याआधी एवढं विचारा: ते तुमच्या गाडीला पेअर होतं का, कोण करून देणार, आणि त्याचा खर्च वेगळा किती? जाताना आरसी आणि सगळ्या चाव्या सोबत न्या. आम्ही हे विचारलं नाही, म्हणून मॉड्यूलचे पैसे दोनदा मोजले.