ओढायची एक नाव तरी राखा

आमच्या बेंबळीला समुद्र नाही, नावा चालतील असा कालवाही नाही. तेव्हा इथल्या माणसाने नावेची बाजू का मांडावी, असे तुम्ही विचाराल. सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातली माणसे खडी फोडायच्या कामावर गेली. मद्रासच्या बकिंगहॅम कालव्याचा एक तुकडाही असाच, १८७७-७८ च्या दुष्काळात भुकेल्या हातांनी खणलेला आहे.

आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतचा हा कालवा सुमारे ४२० किलोमीटर लांबीचा. काम सुरू झाले १८०६ साली. सरपण, मीठ, तांदूळ लादलेल्या नावा त्यातून मद्रासला येत. वारा असला तर शीड, नसला तर माणसे काठाने चालत दोराने नाव ओढीत.

एवढे ओझे ओढवते कसे? संथ पाण्यात सावकाश जाणाऱ्या नावेला विरोध फार थोडा होतो. वेग दुप्पट केला की तो साधारण चौपट होतो. जुन्या इंग्रज इंजिनिअरांचा हिशेब असा, की चांगल्या सडकेवर एक घोडा २ टन ओढतो, तर कालव्यात ५० टन!

आता हौदात खेळण्यातली होडी सोडा. तिच्या नाकाला दोरा बांधून काठाने ओढत चला. ती काठावर धडकेल, कारण ओढ तिरपी आहे. दोरा नाकाच्या थोडा मागे बांधा, सुकाणू जरा वळवा. मग ती सरळ जाईल. पण किती मागे? ते खऱ्या नावेवरच कळते. दोर बांधायच्या खुंटाची जागा पिढ्यान्‌पिढ्या चुकत-सुधारत ठरलेली असते.

१९६५ आणि १९६६ च्या चक्रीवादळांनी कालव्याची फार हानी झाली, वाहतूक मंदावली. चेन्नईत तर त्याच्या पात्रात रेल्वेचे खांब उभे आहेत.

इंग्लंडात एल्समीर पोर्टला १९७६ साली नौकांचे संग्रहालय उघडले. तिथे 'मॉसडेल' ही इंजिन नसलेली, ओढून न्यायची लाकडी मालनाव राखली आहे. हे काम सोपे नव्हे. नाव पाण्याबाहेर काढली तर लाकूड आकसून फळ्यांचे सांधे उघडतात, पाण्यात ठेवली तर कुजते. राजेरजवाड्यांच्या पालख्या आपण जपतो. मीठ वाहणाऱ्या नावेवर पैसा कशाला, असे म्हणणारे भेटतीलच. मला तो खर्च रास्त वाटतो.

तुमच्यापैकी कुणी त्या कालव्याकाठी गेलात आणि एखादे जुने धूड चिखलात दिसले, तर सोबत टेप आणि वही असू द्या. दोराच्या खुंटापासून नाकापर्यंतचे अंतर आधी मोजा.