बिऱ्हाड हलवावे काय?

दिवाळीच्या शुभेच्छा पूर्वी पोस्टमन आणीत असे आणि पाडव्याला येऊन पोस्त मागत असे. आता त्या अभ्यंगस्नानाच्या आधीच मोबाईलवर येऊन पडतात आणि आणणारा एक पैसाही मागत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचा आपल्या मध्यमवर्गीय मनाला आनंद होतो खरा. पण चार दिवसांनी त्याच मनात शंकाही येते की, हा गृहस्थ आपल्याकडून काहीच घेत नाही, तर मग याचे पोट चालते कशावर?

ही शंका आमच्या सोसायटीत अधूनमधून साथीसारखी येते. जानेवारी २०२१ मध्ये ती जोरात आली होती. व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे ठेवल्या आणि ८ फेब्रुवारीच्या आत त्या मान्य करा, असे बजावले. "आपले सगळे बोलणे आता फेसबुक वाचणार!" असे सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी कळवले. अर्थात व्हॉट्सॲपवरूनच! तिकडे एलॉन मस्क यांनी 'सिग्नल वापरा' असा दोन शब्दांचा सल्ला दिला आणि सिग्नलच्या दारात एवढी झुंबड उडाली की आठवड्याभराने त्याचे यंत्र काही काळ बंदच पडले. टेलिग्रामने ७२ तासांत अडीच कोटी नवे लोक आल्याचे जाहीर केले. व्हॉट्सॲपने मुदत १५ मेपर्यंत वाढवली, आणि पुढे अटी न मानणाऱ्यांचे खाते काढून टाकणार नाही, असेही सांगितले. आमच्या सोसायटीतली मंडळी मग एकेक करून परत आली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तीच साथ पुन्हा आली. या खेपेस निमित्त होते झोहो कंपनीच्या 'अरट्टाई' या स्वदेशी ॲपचे. अरट्टाई म्हणजे तमिळमध्ये गप्पा.

तेव्हापासून भेटेल तो मला एकच विचारतो, "काय हो, बिऱ्हाड हलवावे काय?"

याचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. आधी कुलूप कशाला आहे आणि कशाला नाही, ते पाहिले पाहिजे.

आपल्याकडे पोस्टकार्ड आले १८७९ साली. कार्डावरचा मजकूर शेजाऱ्यांनीही वाचावा आणि बंद लखोटा मात्र ज्याच्या नावाचा त्यानेच फोडावा, हा शिष्टाचार आपल्या आजीलाही ठाऊक होता. व्हॉट्सॲपवरचे आपले घरगुती निरोप २०१६ पासून बंद लखोट्यातून जातात. याला 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' असे भारदस्त नाव आहे. अर्थ सोपा आहे. पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये मजकुराला कुलूप लागते आणि त्याची किल्ली फक्त घेणाऱ्याच्या फोनमध्ये असते. मधला पोस्टमन, म्हणजे कंपनी, लखोटा वाहून नेते. तिला तो फोडता येत नाही. गमतीचा भाग असा की, हे कुलूप मुळात घडवले सिग्नलच्याच कारागिरांनी. तेव्हा 'फेसबुक सगळे वाचणार' ही २०२१ ची आवई घरगुती निरोपांपुरती तरी खोटी होती.

पण लखोट्याला बाहेरची बाजूही असते. पूर्वी घरात कोणी गेले म्हणजे त्या बातमीचे कार्ड कोपरा फाडून पाठवीत. ते कार्ड वाचण्याची गरजच नसे. पोस्टमन जिना चढू लागला की खालच्या मजल्यावरच्यांना कळे, वरच्या मजल्यावर काय झाले आहे ते. आपण कोणाशी बोलतो, केव्हा बोलतो, किती वेळा बोलतो, आपल्या फोनमध्ये कोणाचे नंबर आहेत, ही सगळी बाहेरची बाजू कंपनीला दिसू शकते. एखादा गृहस्थ आठवड्यात चार वेळा कर्करोगाच्या डॉक्टरांना निरोप पाठवतो, त्याच रात्री परदेशातल्या भावाला पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी वकिलाला. आता त्याचा मजकूर वाचायला कशाला हवा?

आणि या बाहेरच्या बाजूलाच बाजारात किंमत आहे. फेसबुकने २०१४ मध्ये सुमारे १,९०० कोटी डॉलर मोजून व्हॉट्सॲप घ्यायचे ठरवले, ते काही आपल्या शुभेच्छा फुकट वाहून नेण्याच्या हौसेने नव्हे. २०१६ मध्ये खात्यासंबंधीची माहिती फेसबुककडे जाऊ लागली, तेव्हा ३० दिवसांच्या आत 'नको' म्हणण्याची सोय तरी होती. २०२१ च्या अटींत तीही राहिली नाही. याच कारणावरून आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावर आयोगाने पाच वर्षांची बंदीही घातली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि बंदी उठवली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये दिला आहे. हक्क आहे तो असा. बजावताना मात्र एकट्यादुकट्या भाडेकरूचे मालकापुढे काही चालत नाही. तिथे कायदाच लागतो.

आता दुसऱ्या घरांकडे वळू. टेलिग्राम ऐसपैस आहे, पण तिथल्या साध्या गप्पांना हे कुलूप नाही. 'सीक्रेट चॅट' म्हणून वेगळी खोली उघडावी लागते आणि ग्रुपला तर तीही सोय नाही. अरट्टाईचा बोलबाला झाला तेव्हा तिथे बोलण्याला कुलूप होते, लेखी निरोपांना नव्हते. स्वदेशीचा अभिमान जरूर बाळगावा, पण दार लावून बाळगावा! सिग्नलचे घर सर्वांत बंदोबस्ताचे. ते देणग्यांवर चालते आणि आपल्याविषयी फारसे काही टिपूनच ठेवत नाही. खाते केव्हा उघडले आणि शेवटचे केव्हा जोडले गेले, एवढीच त्यांच्या दप्तरातली नोंद. अडचण एकच. तिथे आपले कोणी राहत नाही! मी तिथे गेलो तेव्हा ओळखीची मोजून नऊ माणसे भेटली. त्यात एक आमचे इन्शुरन्सवाले होते.

एवढे पुराण सांगितल्यावर आमच्या नात्यात घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण खरा प्रश्न मला तिने दाखवला. माझ्या भाचीच्या गळ्याला एक गाठ आली होती. तपासणी झाली, गाठ साधी निघाली. पण रिपोर्ट यायच्या आधी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाचा फोटो तिच्या आईने धीर मिळावा म्हणून आपल्या थोरल्या बहिणीला पाठवला. थोरलीला राहवले नाही. 'सर्वांनी प्रार्थना करावी' असे लिहून तिने तो ६४ जणांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. हेतू मायेचाच होता. तिसऱ्या दिवशी, जिथे मुलीची बोलणी चालली होती त्या घरून निरोप आला, "पत्रिका जुळत नाही." आधी त्याच पत्रिकेत त्यांना बावीस गुण दिसले होते.

भाची रडली नाही. मला एवढेच म्हणाली, "मामा, तुमचे ते कुलूप कुठे गेले होते हो?"

कुलूप जागच्या जागीच होते! कोणत्याही कंपनीने लखोटा फोडला नव्हता. लखोटा ज्याच्या नावाचा त्यालाच पोचला आणि त्याने तो भर चौकात वाचून दाखवला. अशा वेळी जगातले कोणतेही ॲप कामाला येत नाही. त्या संध्याकाळी भाचीने आईच्या आणि माझ्या फोनवर सिग्नल घातले. तिथे आम्ही तिघेच आहोत. दवाखाना, नोकरी, पैसा, मनातले काही असले तर ती तिथे बोलते. कुटुंबाचा ग्रुप तिने सोडला नाही. तिथे ती वाढदिवसाला फुले पाठवते.

मला वाटते, उत्तर असेच आहे. सगळे बिऱ्हाड हलवण्याची गरज नाही आणि ते हलणारही नाही. कारण घर म्हणजे भिंती नव्हेत, माणसे. पण जिवाभावाची चार माणसे यायला तयार असतील, तर नाजूक बोलण्यासाठी एक निराळी खोली जरूर घ्यावी.

आणि जुन्या घराच्या खिडक्याही लावून घ्याव्यात. भाऊबीजेला नातवंडे जमतील. त्यांच्या हाती फोन द्या आणि तीन कामे करून घ्या. आपल्या गप्पांची जी प्रत ढगात साठते, म्हणजे बॅकअप, तिला कुलूप घालण्याची सोय २०२१ पासून आहे. ती आपण होऊन चालू करावी लागते. तिचा पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा. विसरलात तर ती प्रत आपल्यालाही उघडत नाही. दुसरे, सहा आकडी पिन घाला, म्हणजे आपले खाते दुसऱ्या कोणाला सहज पळवता येत नाही. तिसरे, आपल्याला ग्रुपात कोणी घालावे ते ठरवा. भलत्यासलत्या ग्रुपांतून निम्मी सुटका तिथेच होते.

चौथे काम नातवंडांचे नाही, आपले आहे. दुसऱ्याचा आजार, मार्क, पगार, लग्नाची बोलणी यांतले काहीही पुढे पाठवण्यापूर्वी ज्याचे त्याला विचारावे. आपल्या फराळाच्या ताटाचा फोटो खुशाल ६४ जणांना पाठवा. दुसऱ्याच्या ताटात काय कमी पडले आहे, ते मात्र आपल्यापाशीच राहू द्या.