समुद्राचा पहिला धडा

दिवाळीची वा नाताळची सुट्टी लागली, की मुंबई-पुण्याची मध्यमवर्गीय कुटुंबे मालवण-तारकर्लीची वाट धरतात. एके काळी तेथे जाणारा प्रवासी सिंधुदुर्ग किल्ला पाही आणि माशांच्या कालवणावर ताव मारून परते. आता त्याला समुद्राचा तळही पाहावयाचा असतो. सिलिंडरमधील हवेवर श्वास घेत पाण्याखाली उतरण्याची ‘स्कूबा डायव्हिंग’ ही विद्या आपल्या किनाऱ्यावर रुजली, याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. समुद्राला भिण्याची पांढरपेशा वर्गाची जुनी खोड त्यामुळे मोडेल, आणि किनाऱ्यावरील तरुणांस गावातच काम मिळेल. तथापि एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. आपण तेथे शिकावयास जातो, की केवळ छायाचित्र काढून घ्यावयास?

1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी, भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाने हवा पुरविणारे यंत्र सिद्ध केले. यंत्राने काम सोपे केले. पाण्याचे नियम मात्र बदलले नाहीत. पृष्ठभागापासून 10 मीटर खाली गेले, की शरीरावरील दाब दुप्पट होतो. म्हणूनच उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घालावी व कानातील दाब समान करावा लागतो. सर्दी झालेल्यास ते साधत नाही. तेथे श्वास कोंडून वर येऊ लागल्यास फुप्फुसातील हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसास इजा होते. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा या विद्येचा पहिला धडा आहे, आणि घाबरलेला नवशिका नेमका तोच विसरतो. खुणांचेही तसेच. अंगठा उंचावणे म्हणजे किनाऱ्यावर ‘छान!’, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जावयाचे आहे’ असा होतो.

एवढे शिकवावयास आणि अंगवळणी पाडावयास वेळ लागतो. मार्गदर्शकाने धरून नेलेली पहिली डुबकी ही केवळ ओळख होय, शिक्षण नव्हे. ‘पॅडी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत अशा डुबकीस 12 मीटरची मर्यादा आहे. प्राथमिक अभ्यासक्रमात, जो पुरा करण्यास काही दिवस लागतात, 200 मीटर पोहणे आणि 10 मिनिटे तरंगत राहणे आवश्यक असते. त्यानंतर 18 मीटरपर्यंत जाता येते. हा भेद गिऱ्हाइकास सांगणे हे व्यावसायिकाचे कर्तव्य आहे, आणि विचारणे हे गिऱ्हाइकाचे. परंतु आपण विचारतो काय? दर किती आणि चित्रफीत मिळेल का! अशी घासाघीस करणाऱ्याला घाईचाच माल मिळावयाचा.

24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. तो अपघात पाण्याखाली नव्हे, पाण्यावर घडला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सुरक्षितता ही होडीत पाऊल टाकल्यापासून सुरू होते. होडीची क्षमता, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र, दमा वा हृदयविकार असल्यास वैद्यकीय सल्ला: यांपैकी एकाही बाबतीत सवलत असता कामा नये. शासनाने तपासणी हंगामाआधी आणि हंगामातही करावी. दुर्घटनेनंतरची धावपळ ही तपासणी नव्हे.

आणखी एक गोष्ट. 1987 साली येथील समुद्राचा काही भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथील प्रवाळ हा दगड नसून सजीवांची वसाहत आहे. नवशिक्याच्या एका लाथेने मोडलेली फांदी वाढावयास वर्षे लागतात. ज्याला पाण्यात तोल सांभाळता येत नाही, त्याने प्रवाळापासून दूर राहणे हाच शिष्टाचार.

समुद्र उत्तम शिक्षक आहे. मात्र तो चूक वहीत दुरुस्त करून देत नाही. येत्या सुट्टीत अवश्य जावे, निर्भयपणे उतरावे. परंतु त्यापूर्वी तासभर विद्यार्थी होऊन बसण्याची तयारी असावी. ज्याला तेवढी सवड नसेल, त्याने किल्ला पाहून परतावे. त्यातही कमीपणा नाही.