नोंद हवी, प्रदर्शन नको

धावड्यासारख्या गावी शाळेत संगणक आला, तेव्हा पालकांनी आम्हांला पहिला प्रश्न विचारला, "सर, यातून पोराला नोकरी लागेल का?" प्रश्न रास्त होता. ज्यांच्या पूर्वजांना पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्यांनी नव्या विद्येकडे भाकरीच्या अपेक्षेने पाहावे, यात गैर काही नाही. मात्र त्यासोबत दुसराही प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते. आमचा विद्यार्थी उद्या संगणकावर इतरांची माहिती हाताळील, तेव्हा ती कशी हाताळील?

हा प्रश्न आम्हांला आमच्याच चुकीने शिकविला. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या अर्जांतील त्रुटी कळविण्यासाठी आम्ही एक यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. तीत नाव, जात, वडिलांचे उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खाते असे सारे रकाने जसेच्या तसे होते. वस्तुतः विद्यार्थ्याचे नाव आणि राहिलेला कागद एवढेच पुरेसे होते. दुसऱ्या दिवशी सातवीतील एक मुलगी म्हणाली, "सर, माझ्या बाबांचं उत्पन्न सगळ्यांनी वाचलं." आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून पायथन शिकविताना आम्ही पहिले धडे बदलले. वसतिगृहाच्या हजेरीचा प्रोग्रॅम मुलांना लिहावयास दिला. बहुतेकांनी प्रवेश अर्जावरील सर्व रकाने त्यात उतरविले. मग आम्ही विचारले, "स्वयंपाकघरातील मावशींना काय हवे?" उत्तर आले, "किती ताटे, तेवढा आकडा." मावशींना नावही नको. डॉक्टरांना आजार कळावयास हवा, पण जात नव्हे. लिपिकाला जातीचा दाखला लागतो, पण आजार नव्हे. एकाच माहितीसंचातून प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच दाखविणारी तीन छोटी फंक्शने लिहिणे, हा दुसरा धडा झाला. बँक खात्याचे शेवटचे चार अंक ठेवून उरलेल्या जागी फुल्या छापणे, हा तिसरा. शाळा सोडून गेलेल्याची जी माहिती ठेवण्याचे कारण उरले नाही, ती पुसून टाकणे, हा चौथा. हे धडे दहा-बारा ओळींत बसतात. पण हे करताना मुलाला कळते की प्रत्येक रकान्यामागे एक माणूस उभा आहे.

काही सज्जन म्हणतात, जातीचा रकानाच काढून टाका. आम्ही त्याशी सहमत नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांनी रकान्यात 'बौद्ध' असे लिहिले, त्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या कायदा दुरुस्तीपर्यंत नाकारल्या गेल्या. एका शब्दाने हक्क कसा हिरावला जातो, हे या समाजाने चौतीस वर्षे भोगले आहे. नोंदच नसेल, तर अन्यायाचा पुरावाही नसतो आणि हक्काचा आधारही नसतो.

तथापि नोंदीचे दुसरे रूपही इतिहासात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींची नावे सरकारी नोंदवहीत चढविली आणि जन्मालाच गुन्हा ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण तो शिक्का लोकांच्या मनातून अजून पुसला गेलेला नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ व्या क्रमांकावर बाल आंबेडकरांचे 'भिवा' हे नाव लिहिले गेले. त्या नोंदीने शाळेचे दार उघडले. पण जात ठाऊक असल्यामुळेच त्या बालकाला वर्गात वेगळे बसावे लागले. एकाच माहितीने दार उघडते आणि वेगळे गोणपाटही अंथरले जाते. म्हणून ती कोणाच्या हाती आणि कशासाठी, हे ठरविणे हाच न्यायाचा प्रश्न होय.

आता कायदाही हेच सांगू लागला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले. परंतु शेतातली कामे टाकून घाईने आलेल्या पालकाचा अंगठा न वाचलेल्या अर्जावर उमटत असेल, तर त्या संमतीला काय अर्थ? अर्ज त्यांना वाचून दाखविणे, हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

अशा स्मरणिकांत माजी विद्यार्थ्यांची नावे, पत्ते व मोबाईल क्रमांक छापण्याची प्रथा आहे. त्यामागील स्नेह आम्ही जाणतो. तरीही आमची सूचना अशी की, यापुढे ज्यांनी लेखी होकार दिला, त्यांचाच क्रमांक छापावा; इतरांचे केवळ नाव व तुकडीचे वर्ष असावे. आणि पुण्या-मुंबईत संगणक क्षेत्रात स्थिरावलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एखादा रविवार शाळेला द्यावा. मुलांनी लिहिलेला हजेरीचा प्रोग्रॅम उघडावा आणि प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारावे : हा कोणासाठी? किती दिवसांसाठी? मुलाला उत्तर देता आले, तर रकाना ठेवावा. न आले, तर तो त्याच्याच हाताने पुसू द्यावा.