सासूबाईंना घेऊन हाँगकाँग

साताऱ्याच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. भिशीचे आणि यजमानांच्या बोनसचे पैसे साठवून त्या, यजमान आणि ७१ वर्षांच्या सासूबाई अशा तिघांनी दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस हाँगकाँगला जायचं ठरवलं. पण आता यजमानच म्हणू लागले आहेत, "आईला ताईकडे ठेवू. तिथली गर्दी, चालणं, खाण्याचे हाल, तिला कुठे झेपणार?" इकडे सासूबाईंनी नवा पासपोर्ट देवापुढे ठेवून रोज हळदकुंकू वाहायला सुरुवात केली आहे. काय करावं?

माझं मत विचाराल तर त्यांना खुशाल न्या. मात्र बेत त्यांच्या पायांच्या हिशेबानं आखायला हवा.

दिवाळीचे दिवस निवडलेत ते उत्तम. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे उकाडा आणि पाऊस, पुढे वादळांचे महिने. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनमधल्या सुट्ट्यांची झुंबड असते, तेवढी टाळा. त्यानंतर हवा कोरडी होत जाते. तरीही वादळाचा आठ नंबरचा बावटा लागलाच, तर बोटी, ट्रॅम, दुकानं सगळं बंद होतं. त्या दिवशी मुकाट्यानं खोलीत बसायचं.

कागदपत्रांचं पाहू. आपल्या पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी इंटरनेटवरून नोंदणी करावी लागते. ती मोफत असते, त्यामुळे कोणी एजंट 'सरकारी फी' म्हणून पैसे मागू लागला तर देऊ नका. मिळालेली चिठ्ठी पांढऱ्या कागदावर छापून सही करून जवळ ठेवा. आणि आपल्या बायकांची नेहमीची अडचण नावाची! पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या, असं चालत नाही. सासूबाईंचं नाव पासपोर्टवर जसं छापलंय, अक्षर न् अक्षर तसंच नोंदणीत आणि तिकिटावर हवं. हे काम यजमानांवर सोपवून मोकळ्या होऊ नका, स्वतः ताडून पाहा.

मुक्काम त्सिम शा त्सुई भागात करा. तिथून बंदर चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि आपल्याकडचं जेवणही मिळतं. खोल्या महाग आणि इतक्या चिमुकल्या, की बॅग उघडली तर पाय ठेवायला जागा नाही. तिघांची खोली आहे का, हे आधीच विचारा. चुंगकिंग मॅन्शन्स नावाच्या जुन्या इमारतीत स्वस्त खोल्या आहेत, पण लिफ्टसमोरच्या रांगा बघता सासूबाईंना घेऊन तिथे राहू नका. जेवायला जरूर जा. विमानतळावरून आगगाडी झटकन पोचवते, पण तिघांना ए-२१ नंबरची दुमजली बस स्वस्त पडते आणि सामानासाठी फळ्याही असतात.

आता खाणं. खरी मेख इथे आहे. "मांस नको" म्हटलं तर तिथे मांसाचे तुकडे नकोत, एवढाच अर्थ घेतला जातो. हिरव्यागार पालेभाजीवरसुद्धा कालवांचा सॉस घालून आणतात. म्हणून हॉटेलातल्या माणसाकडून चिनी लिपीत चिठ्ठी लिहून घ्या, "मांस, मासे, अंडी, कालवांचा सॉस चालत नाही." बौद्ध शाकाहारी खाणावळी शोधा. ते लोक कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईंची सोयच झाली! सकाळी भाताची पांढरी पेज मिळते, साधी आहे ना ते विचारून घ्यावी. आपल्या मेतकुटाची पुडी बरोबर असली की झालं. कुकर मात्र घरीच राहू द्या.

फिरताना एका दिवसात एकच मोठं ठिकाण. विमानतळावरच प्रत्येकी एक ऑक्टोपस कार्ड घ्या, मेट्रो, ट्रॅम, बोट सगळीकडे चालतं. १९०४ पासून चालू असलेल्या ट्रॅमसेवेच्या दुमजली गाडीत मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे द्यायचे, आणि कुठूनही कुठेही भाडं एकच. वरच्या मजल्यावर जागा मिळाली तर तासभर बसून अर्धं शहर बघून होतं. स्टार फेरीची बोट तर चुकवूच नका. १८८८ साली ही फेरी कंपनी काढली ती मुंबईहून तिकडे गेलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी. हे सासूबाईंना बोटीत बसल्यावर सांगा. दहा मिनिटांचाही प्रवास नाही, पण संध्याकाळी दिवे लागताना दोन फेऱ्या केल्या तरी मन भरत नाही.

डोंगरावर जाणाऱ्या पीक ट्रॅमला लांब रांग असते. सेंट्रलहून १५ नंबरची बस त्याच डोंगरावर जाते, बसायला जागा मिळते आणि वळणावळणावर बंदर दिसतं. लांताऊ बेटावरच्या ३४ मीटर उंच बुद्धमूर्तीला २६८ पायऱ्या आहेत. तुम्ही दोघं चढा, सासूबाईंना खालूनही दर्शन होतं. शेजारच्या पो लिन मठात दुपारचं शाकाहारी जेवण मिळतं.

शेवटचं काम पोचल्याबरोबर करायचं. हॉटेलचं चिनी अक्षरांतलं कार्ड मागून घ्या आणि ते सासूबाईंच्या बटव्यात घाला, यजमानांच्या पाकिटात नव्हे.