फट भरावी की ठेवावी?

बालमित्रांनो, या आठवड्याच्या टपालात होटगीच्या एका आठवीतल्या वाचकाचं पत्र आहे. तो लिहितो, ‘आमच्या आजोबांची १९६८ सालची बुलेट आहे. इंजिनातून टकटक आवाज यायचा, म्हणून ते खोललं आहे. मिस्त्रीकाका म्हणतात, कॅमला शिम टाकू, आवाज जाईल. बाबा म्हणतात, कंपनीने बांधलेल्या इंजिनात जास्तीचं काही घालायचं नाही. कोणाचं बरोबर?’

प्रश्न झकास आहे! पण उत्तर देण्याआधी शिम म्हणजे काय, ते पाहू.

वर्गातलं बाक डुगडुगायला लागलं की तुम्ही काय करता? वहीच्या कागदाची घडी करता आणि पायाखाली सारता. झालं! ती घडी म्हणजेच शिम. इंजिनात कागद टिकणार नाही, म्हणून तिथे पोलादाची पातळ चकती घालतात. दिसायला वायसरसारखी, पण जाडी अगदी मोजून केलेली. कुठे ०.१ मिलिमीटर, कुठे ०.२.

आता कॅम. बुलेटचं इंजिन चार स्ट्रोकचं. त्यात दोन झडपा असतात. एक हवा-पेट्रोल आत घेणारी, दुसरी धूर बाहेर सोडणारी. त्या वेळेवर उघडायचं काम कॅमचं. कॅम म्हणजे दातेरी चाकाला जोडलेला, एका बाजूला फुगीर असलेला तुकडा. फुगीर भाग वर आला की तो टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो आणि वरची झडप उघडते. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर कॅम सेकंदाला किती घेईल? करा पाहू गणित. २५!

बुलेटमध्ये असे दोन कॅम असतात, एकेका झडपेसाठी एकेक. ते पोलादी दांड्यांवर फिरतात. दोन्ही अंगांना जणू भिंती असतात आणि भिंत व कॅम यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. ती फार वाढली, की फिरणारा कॅम दांड्यावर मागेपुढे सरकतो आणि टकटक करतो. तेव्हा शिम घालून फट कमी करतात. मिस्त्रीकाका म्हणतात ते हेच.

मग सगळी फटच बुजवून टाकावी की! नाही हं, तिथेच गंमत आहे. प्रत्येक फट ही चूक नसते. होटगी जंक्शनवर सोलापूर, वाडी आणि विजयपूरकडचे रूळ एकत्र येतात. पूर्वी रुळांचे तुकडे नट-बोल्टने जोडत आणि दोन तुकड्यांत मुद्दाम फट ठेवत. कारण १३ मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला, की सुमारे ६ मिलिमीटर लांबतो. आपल्याकडच्या मे महिन्यात फटच ठेवली नसती, तर रूळ वाकडे झाले असते.

कॅमची फटही अशीच कामाची असते. एक तर तिच्यात तेल शिरतं. जागाच नसेल तर तेल जाणार कुठून? धातूवर धातू घासेल. दुसरं असं, की बुलेटच्या इंजिनाचा खालचा डबा ॲल्युमिनियमचा आणि कॅम पोलादाचा. १० सेंटिमीटर ॲल्युमिनियम १०० अंशांनी तापलं तर सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढतं, पोलाद मात्र जेमतेम ०.१२. म्हणजे इंजिन तापलं, की फट थोडी वाढते, आणि गार झालं की पुन्हा कमी होते. तापलेल्या इंजिनाचा आवाज ऐकून कोणी जाड शिम कोंबली, तर थंडीतल्या सकाळी किक मारताना कॅम दोन भिंतींत आवळलेला असेल!

म्हणून शिम टाकण्याआधी तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : कॅम हलतो तो कोणत्या दिशेने? दांड्यावर मागेपुढे सरकत असेल, तर शिमचा उपयोग. पण वर-खाली डुगडुगत असेल, तर आतला बुश किंवा दांडा झिजला आहे. तिथे दहा शिमा टाकल्या तरी काही होणार नाही. बुशच बदलायला हवा. शिम बाजूची फट भरते, गोल भोकाची झीज नाही.

दुसरा प्रश्न : आवाज खरंच तिथूनच येतो का? जुन्या बुलेटची टकटक पुष्कळदा टॅपेटची असते. त्यासाठी शिम लागतच नाही. पुशरॉडच्या खाली नट असतात, ते फिरवून टॅपेट लावतात. इंजिन गार असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. हे आधी पाहावं. बिनपैशाचं काम आहे.

तिसरा प्रश्न : फट नेमकी किती? ‘अंदाजे’ म्हणायचं नाही! डायल गेज असेल तर उत्तमच. नसेल, तर फिटर लोक एक छान युक्ती करतात. कॅमच्या अंगावर खेळण्यातल्या मऊ मातीचा गोळा ठेवायचा, झाकण बसवून बोल्ट आवळायचे, परत खोलायचं आणि दबलेल्या मातीची जाडी मोजायची. झाकणाखालचं कागदी पॅकिंग मात्र मोजताना घातलेलं हवं, कारण त्याची जाडीही फटीत धरली जाते. नंतर मातीचा कणन् कण पुसून काढायचा. मोजलेला आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहायचा. तेवढाच असेल, तर शिम नको. जास्त असेल, तर जास्तीची जेवढी फट, तेवढ्याच जाडीची एक चकती. तीन पातळ चकत्या एकावर एक नकोत. आणि पत्रा कापून घरी केलेली तर नकोच! ती तुटली, तर तुकडा तेलातून कुठे जाईल, सांगता येत नाही. शेवटी सगळं बसवून इंजिन हाताने पुरते दोन फेरे फिरवून पाहायचं. कुठे अडलं, तर पुन्हा खोलायचं. चकतीपेक्षा कॅम कितीतरी महाग असतो.

म्हणजे काका आणि बाबा दोघेही निम्मे बरोबर! मोजून टाकलेली शिम म्हणजे औषध, आणि न मोजता टाकलेली म्हणजे आजार झाकणारं पांघरूण. बाबांच्या काळजीवरही तोडगा आहे. कॅम किंवा डबा घासून कमी केला, तर तो पहिल्यासारखा होत नाही. शिम मात्र नको वाटली तर काढून ठेवता येते. मूळ भाग जसेच्या तसे राहतात.

पालकांसाठीही दोन शब्द. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली. आता तिच्या जुन्या गाड्यांना ठेव्याचं मोल आलं आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या घरगुती गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक घेता येतो. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. तेव्हा काढलेला एकही जुना भाग भंगारात टाकू नका. डब्यात घालून चिठ्ठी लावून ठेवा.

आणि हो, कुणाच्या घरी जुनी जावा किंवा राजदूत असेल, तर हा प्रश्नच येत नाही. ती इंजिनं दोन स्ट्रोकची. त्यांत असा कॅम नसतोच!

आता तुमचं काम. २०० पानी वही घ्या. पुठ्ठे सोडून आतल्या १०० कागदांची जाडी पट्टीने मोजा आणि तिला १०० ने भागा. आलेली जाडी म्हणजे तुमच्या घरातली सगळ्यात स्वस्त शिम. मग डुगडुगणाऱ्या टेबलाखाली नेमके किती कागद लागतील, ते आधी गणिताने काढा आणि नंतरच कागद सारा. उत्तर जुळलं का, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा!