बिनधान्याचा वॉफल आणि साबुदाण्याची सबब
धान्य वगळले की कर्बोदके आपोआप घटतात, हा समज आपल्या उपवासाच्या ताटानेच खोटा ठरवला आहे. साबुदाणा धान्य नव्हे, तरी त्याच्या 100 ग्रॅममध्ये 85 ग्रॅमहून अधिक कर्बोदके, म्हणजे ज्वारीपेक्षाही जास्त! त्यामुळे कमी कर्बोदकांच्या वॉफलसाठी उपवासाची भाजणी कुचकामी. महागडे बदामपीठही नको. मुकुंदवाडीतल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळणाऱ्या शेंगदाण्यात 100 ग्रॅमला कर्बोदके जेमतेम 16 ग्रॅम, प्रथिने 25. दोन अंडी, अर्धी वाटी बारीक कूट, चमचाभर दही, जिरे, मीठ, चिमूटभर बेकिंग पावडर, एवढ्यात भागते. ग्लुटेन नसल्याने सारी बांधणी अंड्यावर. वाफ थांबण्याआधी साचा उघडला तर वॉफल मधोमध फाटतो. दाण्यात उष्मांक भरमसाट, हा आक्षेप रास्तच आहे, 100 ग्रॅमला 560च्या पुढे. पण प्रश्न रक्तातल्या साखरेचा आहे, आणि इतक्या तेल-प्रथिनांनी पोट लवकर भरते. (वर मध ओतणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.) अंडे न खाणाऱ्यांची अडचण मात्र खरी: कुस्करलेल्या पनीरने चव येते, तशी पकड येत नाही. आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी पोळीऐवजी हे रोज खायचे ठरवले, तर आधी डॉक्टरांना विचारावे. तोच डोस आणि कमी कर्बोदके, यात साखर धोकादायक उतरू शकते.